आकडा विचारता, उत्तरही वाचा

संपादक महोदय,

नोकरीच्या मुलाखतीत मुलांना ‘स्टॅक ओव्हरफ्लोवर तुझं रेप्युटेशन किती?’ असं विचारण्याची नवी टूम निघाली आहे. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट; रेप्युटेशन म्हणजे तिथे मिळणारे गुण. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘38’ सांगितलं आणि समोरच्या साहेबांनी फाइल मिटली. मी फोंड्यात प्रोग्रामिंग शिकवते, म्हणून हा पत्रप्रपंच.

2008 साली सुरू झालेल्या या साइटवर उत्तराला एक पसंतीचं मत पडलं की 10 गुण मिळतात, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं तर 15. नापसंती आली की 2 जातात. गुणांबरोबर हक्क वाढतात: 15 झाले की पसंतीचं मत, 125 ला नापसंतीचं, 2000 ला दुसऱ्याचा मजकूर परस्पर सुधारायची मुभा, 3000 ला प्रश्न बंद करण्यासाठी मत. गंमत म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून देता येतं, पण दुसऱ्याच्या उत्तराखाली टिप्पणी करायला 50 लागतात. आणखी एक नियम मला फार आवडतो. दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती दिली की स्वतःचाही 1 गुण कापला जातो. आमच्या ग्रामसभेत हे लागू झालं तर बैठका जेवणाच्या आत आटोपतील!

हक्क देण्यापुरता हा हिशोब चोख आहे; नोकरी देण्यासाठी तो कुणी मांडलेला नाही. गिट या कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात शेवटचा कमिट, म्हणजे शेवटची नोंद, मागे कशी घ्यायची, हा 2009 चा प्रश्न. रोज कुणी ना कुणी तिथे अडतो, त्यामुळे जुन्या उत्तरांना अजून मतं पडतात. माझ्या विद्यार्थिनीने उत्तर दिलं ते जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला का चिकटते, याचं. (जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. आपल्या कचेरीतही हे दुखणं कुणीतरी काढलं असेल.) उत्तर स्वीकारलं गेलं, वर दोनच मतं. असा प्रश्न पडणारी माणसंच किती?

आता मुलं मला विचारतात, ‘मॅडम, आम्ही एकमेकांना मतं दिली तर?’ अशी ठरवून दिलेली मतं यंत्रणा हुडकून रद्द करते, असं सांगून त्यांना थोपवते.

मुलाखत घेणाऱ्यांना विनंती एवढीच: आकड्यावर क्लिक केलं की उमेदवाराची उत्तरं समोर येतात. त्यातली दोन तरी वाचा, आणि फाइल मिटायची की नाही ते मग ठरवा.

— एक संगणक शिक्षिका, फोंडा