बाई, तुम्ही खोडलेल्या शब्दांसाठी

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

एका ओळीसाठी तुमची अख्खी दुपार घेतली. नुसतं 'थँक यू' म्हणून मन भरेना, म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

माझ्या मैत्रिणीला मराठी येत नाही. तीस वर्षं आमचं सगळं इंग्रजीतच. ऑपरेशनच्या आधी तिनं लिहिलं, मला काही झालं तर माझ्या लेकीकडे बघशील ना? माझं उत्तर मनात तयार होतं: 'अगं, मी आहे ना!' कागदावर मात्र 'आय ॲम देअर, नो?' असं काहीतरी उमटलं. घाबरून ते खोडलं आणि 'आय सॉलेम्नली प्रॉमिस दॅट आय शॅल...' सुरू केलं. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, 'हे मैत्रिणीला लिहिलंयस की कोर्टाला?'

'शॅल'चा तर गंमतीदार निकाल लागला. शाळेत घोकलेलं म्हणून वापरलं, आणि तुम्ही जॉन वॉलिसचं १६५३ सालचं इंग्रजीचं व्याकरण काढलंत. त्याच्या नियमानं 'आय'पुढे 'शॅल' म्हणजे नुसतं भाकीत. वचन द्यायचं तर 'विल'! आणि जवळच्या माणसाला तेही सुटं नको, 'आयल' पुरे.

मग माझी 'व्हेन यू विल कॉल'ची खोड. आपण 'हाक मारशील तेव्हा येईन' म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत हाक वर्तमानात राहते, येणं तेवढं भविष्यात: 'व्हेनेव्हर यू कॉल, आयल कम'. 'आय ॲम प्रॉमिसिंग'वरही काट मारलीत. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलेलं तुम्ही सांगितलंत: काही वाक्यं घडणाऱ्या गोष्टीचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारणं हीच ती गोष्ट. म्हणून साधं 'आय प्रॉमिस'. 'प्रॉमिसिंग' म्हटलं की मी माझंच धावतं समालोचन करतेय असं वाटतं, हे मला एकदम पटलं.

राहिलं 'लेकीकडे बघेन'. 'लुक ॲट' हा तर विनोदच. 'लुक आफ्टर' बरोबर, पण लेक वीस वर्षांची. तिला सांभाळायचं कसलं? तेव्हा तुम्ही माझी खोडलेली पहिली ओळ शोधलीत आणि तिच्यात जरासाच बदल केलात: 'आयल बी देअर फॉर हर.' मराठीत 'मी तिच्यासाठी तिथे असेन' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कुठे? इंग्रजीत तो प्रश्न पडत नाही. 'मी आहे ना' तिथे होतंच, बाई, एका 'फॉर'वाचून अडलं होतं.

एक कबुली. 'यू हॅव माय वर्ड' तुम्ही शेवटी जड म्हणून काढायला सांगितलं होतंत. मी ते ठेवलं. आपल्याकडेही शब्दच देतात, तोही एकच. मोह आवरला नाही. रागावू नका.

तुमची विद्यार्थिनी