दुसऱ्याला काय हवंय, हे त्याला कळतं : एका थेरपिस्ट ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

तुम्ही दुसऱ्या केंद्रात रुजू झालात, हे सूनबाईंकडून कळलं. निघताना तुमच्याभोवती पालकांचा एवढा गराडा होता की मला चार शब्द बोलायला सवडच मिळाली नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही आम्हाला समजावलेली गोष्ट स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल असलेल्या इतर घरांच्याही कामाची आहे.

तुमच्याकडे येण्याआधी नातवाची दुसरीकडे तपासणी झाली होती. रिपोर्टात लिहिलं होतं, 'दुसऱ्याच्या मनाची जाण नाही.' आधार काय, तर बाहुल्यांची चाचणी. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्या माघारी दुसरी ती डब्यात लपवते. परत आल्यावर पहिली गोटी कुठे शोधेल? तिला अदलाबदल ठाऊकच नाही, म्हणून बरोबर उत्तर टोपली. नातवाने डब्यावर हात ठेवला. झालं, निकाल लागला!

तुम्ही रिपोर्ट वाचून पहिल्यांदा विचारलंत ते त्याचं वय. त्याला चार वर्षंही पूर्ण नव्हती. मग तुम्ही सांगितलंत, की चारच्या आतली बरीचशी मुलं, ऑटिझम नसलेलीसुद्धा, डब्याकडेच बोट दाखवतात. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी 1985 मध्ये ही चाचणी स्वमग्न मुलांवर केली, तेव्हा 20 पैकी 16 मुलं चुकली होती. पण त्या मुलांचं सरासरी वय बारा वर्षांच्या आसपास होतं. शिवाय ती चाचणी मोजते ते दुसऱ्याची समजूत, तीही चुकीची समजूत. दुसऱ्याला काय हवंय हे ओळखणं ही वेगळी गोष्ट, आणि ती आधी येते. "आपण तिथून सुरुवात करू," एवढंच तुम्ही म्हणालात. त्या वाक्याने आमच्या घरात किती फरक पडला, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

मला आपलं जुन्या सवयीने विचारत बसायला आवडतं, आणि तुम्ही कधी टाळलं नाहीत. ॲलिसन गॉपनिक आणि बेटी रेपाचोली यांचा 1997 मधला प्रयोग तुमच्याकडूनच कळला. प्रयोग घेणाऱ्या बाईंना ब्रोकोली आवडते आणि बिस्किटं आवडत नाहीत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं, तरी चौदा महिन्यांची मुलं त्यांना स्वतःच्या आवडीची बिस्किटंच देत होती. अठरा महिन्यांची मात्र ब्रोकोली देत होती. चारच महिन्यांचं अंतर! तुम्ही तोच खेळ आमच्या पठ्ठ्यासाठी बेतलात. एका ताटलीत त्याची जीव की प्राण भिंगरी, दुसरीत साधा स्पंजचा तुकडा. पण नुसत्या चेहऱ्यावर भागवलं नाहीत, कारण चेहरे वाचणं हेच त्याला जड. तुम्ही तोंडाने म्हणायचात, "मला स्पंज हवा. भिंगरी नको." आणि हात पुढे करून थांबायचात. बराच काळ तुमच्या हातात भिंगरीच पडत राहिली. एक दिवस त्याने भिंतीकडे बघत, तुमच्याकडे ढुंकूनही न पाहता, स्पंज तुमच्या तळहातावर ठेवला. दुसरं कोणी असतं तर 'नजर दिली नाही' म्हणून गुण कापले असते. तुम्ही स्पंज घेतलात, "मला हवा होता, तू दिलास," म्हणालात आणि वहीत बरोबरची खूण केलीत.

मग आली कार्डं. आईचा फोटो आणि शेजारी तिच्या आवडीची वस्तू, तसंच बाबांचं, तसंच माझं. माझ्या फोटोशेजारी वर्तमानपत्र. हळूहळू तो स्वतःच जोड्या लावू लागला आणि एका सकाळी घरी माझ्या मांडीवर पेपर आणून टाकला. कालचा होता, पण मी तोच पुन्हा पहिल्या पानापासून वाचला.

हे सगळं आमच्या लाडक्याचं वेगळेपण आहे असं मला वाटायचं. तुम्ही पुन्हा मला जमिनीवर आणलंत. हेलन टागर-फ्लुसबर्ग यांनी स्वमग्न मुलांचं घरातलं बोलणं ऐकून 1992 मध्ये दाखवलं होतं, की 'हवं', 'नको', 'आवडतं' हे ती मुलं डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांइतकंच बोलतात. मागे पडतात ती 'वाटतं', 'माहीत आहे' अशा बोलण्यात. पीटरसन, वेलमन आणि लिऊ यांच्या 2005 मधल्या अभ्यासातही आवडीनिवडी वेगवेगळ्या असतात हे कळणं ही स्वमग्न मुलांचीसुद्धा पहिली पायरी निघाली. चुकीची समजूत ओळखणं ही मात्र त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड. म्हणजे जिना तोच, वरच्या पायऱ्या तेवढ्या वेगळ्या.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. गृहपाठ तुम्ही त्याच्याइतकाच आम्हालाही दिलात. तो माझं मनगट धरून दाराच्या कडीपाशी न्यायचा, तेव्हा लोक म्हणत, हा माणसाला वस्तूसारखं वापरतो. तुम्ही म्हणालात, त्याला काहीतरी हवंय आणि ते तुमच्याकडून मिळेल हे त्याला ठाऊक आहे. आधी ते ओळखा, शब्द द्या. ऑटिझम असलेले संशोधक डेमियन मिल्टन 2012 पासून हेच मांडतात, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आम्ही त्याच्या इच्छांची वही केली. पहिल्या पानावर सून, मुलगा आणि मी, तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची होती!

सगळं सुरळीत झालंय असं नाही. नुसतं दाखवण्यासाठी, 'बघ ना' म्हणून, तो अजून क्वचितच बोट करतो. आणि त्याची बहीण तीच भिंगरी मागते तेव्हा रणकंदन ठरलेलं. तिला ती हवीय हे त्याला पक्कं कळतं, म्हणून तर तो पाठीमागे लपवतो! कळणं वेगळं आणि देणं वेगळं. माझ्या थोरल्या भावाला सत्तरीतही दुसरं जमलेलं नाही, तेव्हा नातवाला थोडा वेळ द्यायला माझी हरकत नाही.

नव्या ताईंना कार्डांचा गठ्ठा आणि वही दिली आहे. नजरेचा आग्रह धरू नका, असं तुमचं नाव सांगून बजावलंही आहे. भिंगरी आता बहिणीशी पाळीपाळीने कशी वाटून घ्यावी, यावर तुमचं मत हवं होतं, सवडीने कळवा.

आपला,
नातवाचा आजोबा