अश्लीलतेच्या तराजूत आदराचे वजन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लेखन अश्लील ठरवण्याची आपल्या न्यायालयांची कसोटी गेल्या साठ वर्षांत पुष्कळ सैल झाली, असे म्हटले जाते आणि ते बव्हंशी खरे आहे. १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडमधील १८६८ ची ‘हिक्लिन’ कसोटी (वाईट प्रभावाला सहज बळी पडणाऱ्या मनांना मजकूर नीतिभ्रष्ट करेल का, हे पाहणारी) ग्राह्य धरून मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकरच्या विवस्त्र छायाचित्रावरून झालेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने ती कसोटी बाजूला सारून समकालीन समाजमान हा निकष घेतला. मधला एक निकाल तर आपल्या घरचाच आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेसाठी चंद्रकांत काकोडकर यांना मुंबई उच्च न्यायालयाने केलेला २५ रुपयांचा दंड सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केला.

समाजमान म्हणजे नेमके कोणाचे मान, हा प्रश्न मला ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसून अनेकदा पडला. एकदा एक दिवाळी अंक परत आला तो मधली चार पाने ब्लेडने सफाईने कापलेला. ती पाने कोणाला खटकली म्हणून गेली की आवडली म्हणून, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तरीही निकष म्हणून तो मान्य करता येतो. खटकते ते त्याला २०१५ मध्ये जोडलेले शेपूट. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात छापली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले, की इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले असतील, तर समाजमानाची कसोटी अधिक तीव्रतेने लावली पाहिजे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या अश्लीलतेविषयीच्या कलम २९२ मध्ये कामुकता होती, वाचकाला नीतिभ्रष्ट करण्याची प्रवृत्ती होती. ‘आदर’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. दिवंगत व्यक्तीच्या बदनामीने तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावल्या, तर त्यासाठी अब्रुनुकसानीचे कलम पूर्वीपासून आहेच. मग अश्लीलतेच्या तराजूत हे दुसरे वजन कशासाठी? शिवाय आदरणीयांची यादी कोण करणार? निदान महाराष्ट्रात तरी ती कोणत्याही दोन घरांत सारखी निघणार नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लीलतेचे हेच कलम २९४ क्रमांकाने आले. पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून ५,००० रुपयांवर गेला, व्याख्या मात्र जवळपास जशीच्या तशी राहिली. कलम नव्याने लिहिताना संसदेला हा गोंधळ सहज निस्तरता आला असता.

गुर्जर यांच्या कवितेवरील त्या निकालातील आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही बुचकळ्यात टाकते. प्रकाशकाने लगेच बिनशर्त माफी मागितली होती म्हणून प्रकाशक आणि मुद्रक यांना आरोपातून मोकळे करण्यात आले, कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले गेले. मजकूर वाचकाला बिघडवणारा असेल, तर पुढच्या अंकातील माफीने तो कमी बिघडवणारा होत नाही. माफीने मिटतो तो अपमान, आणि अपमान हा या कलमाचा विषयच नव्हता.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा