खुले पत्र: लस बाळाला द्या, पण एक प्रश्न बापालाही विचारा

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस,
सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो, खासगी नोकरी करतो. लेक चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. ऑफिस सातला सुटायचं आणि मी राजवाड्यापाशी स्कूटर लावून नऊपर्यंत नुसता बसून राहायचो. घरी सांगायचो, ट्रॅफिक होता. (इंदुरात ही थाप सहज खपते.) जिन्यात पोचलो की वरून तिचं रडणं ऐकू यायचं आणि पाय उचलत नसे. तिच्यावर राग नव्हता. काहीच वाटत नव्हतं, त्याचीच भीती वाटायची. आई म्हणायची, "बाळंतपण तिचं झालंय, तू कशाला वाळतोयस?" डिंकाचा लाडू मात्र मलाही द्यायची.

हे बाळंतपणानंतरचं नैराश्य बापालाही येतं, हे मला फार उशिरा कळलं. २०१० साली ४३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा साधारण दहातल्या एका बापाला ते आढळलं. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त. पुरुष रडत नाही, चिडतो, घर टाळतो, पितो. म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

साडेतीन महिन्यांच्या डोसला गेलो तेव्हा नर्सबाईंनी बायकोला दूध, झोप, जेवण सगळं विचारलं. मी डायपरची पिशवी धरून उभा. मला एवढंच म्हणाल्या, "पापा, ज़रा पैर पकड़िए."

साहेब, नवीन योजना नको. तो डोस आहेच, आणि तिसऱ्या व सहाव्या महिन्यात आशाताईंनी घरी जायचं, हेही आपल्याच कार्यक्रमात आहे. तिथे बापाला 'तुमचं कसं चाललंय?' एवढं विचारायला सांगा. संशय आला तर नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली आहे, अवघे १० प्रश्न, पुरुषांनाही चालते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर बाळंतिणीच्या डिस्चार्जच्या कागदावर छापा. आमच्या कागदावर नव्हता.

रजेचं केंद्राशी बोला. केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगीतल्या बापासाठी कायदाच नाही. मी तीन दिवस घेतले, तेही कॅज्युअलमधून.

खरं सांगतो, त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी "बढ़िया" म्हणून मोकळा झालो असतो. म्हणून सहाव्या महिन्यात पुन्हा विचारा, आणि जमलं तर आईसमोर नको.

आपला,
रामबागेतला एक बाप