काकूंचं दार

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईची शुगर आटोक्यात, माझी पाठ अधूनमधून धरते, बाकी ठीक.

तू हेलसिंकीहून पाठवलेलं आब्लॉय कुलूप किल्लीशिवाय उघडलं! चार महिने लागले. पिनांच्या कुलपात स्प्रिंग असते, चुकलं की पिन परत येते, कळतं तरी. इथे स्प्रिंगच नाही, नुसत्या चकत्या. एकेक फिरवत जायचं; सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूची पट्टी आत बसते. त्यात खोट्या खाचाही. 1907 साली हे सुचलेल्या त्या एमिल हेन्रिक्सनला साष्टांग नमस्कार. रात्री अडीचला उघडलं, ओरडायचीही सोय नव्हती. तू हवा होतास.

पण पत्र त्यासाठी नाही.

गेल्या महिन्यात समोरच्या काकू बाहेर अडकल्या. वाऱ्याने दार लागलं, किल्ली आत, गॅसवर दूध. किल्लीवाला फोन उचलेना. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम तूच माझ्याकडून वदवून घेतला होतास, रेक्टरच्या कपाटानंतर. पण करपल्याचा वास यायला लागला रे. आत जाऊन पिका, म्हणजे आपल्या कुलूप उघडायच्या तारा, आणल्या आणि ताण द्यायची ती वायपरची पट्टी. (पहिली तू हरवलीस. वीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.)

चार पिना बसल्या, कुलपाचा गाभा जरासा फिरला आणि अडला. डमरूच्या आकाराची पिन होती, फसवी. ताण अगदी केसभर सोडला, गाभा उलटा सरकला, ती पिन टक्कन बसली आणि दार उघडलं. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी नाही. त्या दाराकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप बदललं.

त्या अमेरिकन कुलूपवाल्या हॉब्जची गोष्ट आपण किती वेळा घोळवलीय! ब्रामा कंपनीचं कुलूप साठ वर्षं लंडनला पिकाडिलीतल्या त्यांच्या दुकानाच्या खिडकीत, उघडेल त्याला 200 गिनी. 1851 साली त्याने सोळा दिवसांत मिळून पन्नासेक तास घालवून ते उघडलं. आपण नेहमी हॉब्जच्या बाजूने. ज्यांच्या तिजोऱ्यांना तीच कुलपं होती त्यांना त्या रात्री झोप लागली असेल का, हे आपल्या डोक्यात कधी आलं नाही. मला आता रोज येतं.

अकरा वर्षं काकू गावी जाताना किल्ली आमच्याकडे ठेवायच्या. लाल गोंडा लावलेली, आमच्या खुंटीवर. परवा मुलीकडे नाशिकला गेल्या, किल्ली दुसऱ्या मजल्यावर दिली. आईने विचारलं, "आपल्याकडे का नाही दिली रे?" मी काय सांगू? दूध वाचलं नाही, पातेलंही गेलं, ते राहू दे. पण माझ्या हाताची त्यांना भीती वाटावी, हे सहन होत नाही. बायको म्हणते, आठ दिवसांत विसरतील. तिला कळत नाही. तुला कळेल, म्हणून लिहितोय.

एक सुचलंय. काकू आल्या की त्या काढलेल्या कुलपाचं सिलेंडर मागून घ्यावं, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून सुटं करून दाखवावं, पिना त्यांच्या तळहातावर ठेवाव्यात. की त्याने आणखी घाबरतील? तू माणसं माझ्यापेक्षा बरी ओळखतोस.

तुझं नवीन घर लागलं का? छोटीला शाळा आवडली? वहिनींना नमस्कार. काकू गुरुवारी येतात, त्याच्या आधी फोन कर.

तुझा,
विन्या