पाणवठ्याच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

महोदय,

उन्हाळा लागला की ताडोबाच्या बातम्या ठरलेल्या. पाणवठ्यात टँकर रिकामा झाला, वाघोबा पाण्यात बसले, पर्यटक खूश! चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा मुक्या जनावरांना पाणी द्यायलाच हवे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेची रात्र मी प्राणिगणनेसाठी मचाणावर काढली. खाली बशीसारखा सिमेंटचा पाणवठा, शेजारी सोलर पंप. तिन्हीसांजेला चितळे आली, मग रानडुकरे, मध्यरात्रीनंतर एक अस्वल. तक्त्यात आकडे भरले. उजाडल्यावर खाली उतरलो तर पाणवठ्याभोवतीची जमीन खुरांनी तुडवून टणक झालेली, झाडोऱ्याचे एकही कोवळे रोप नाही. तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला असे पाणी महाग पडले. दुष्काळावर उपाय म्हणून तिथे जागोजागी बोअर मारून पाणवठे केले. उत्तरेच्या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी मिळू लागताच झेब्रे आले आणि त्यांच्यामागे सिंह. त्यात भरडला गेला तो रोन, तिथला आधीच दुर्मीळ असलेला मोठा कुरंग. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेले रोन १९९३ पर्यंत ४५च्या आसपास उरले. पुढे उद्यानाने कित्येक पाणवठे बंद केले. दरवर्षी मोजणी होत होती, म्हणून निदान चूक कळली तरी.

आपण वाघ नेटाने मोजतो, २००६ पासून दर चार वर्षांनी, जनावर समोरून गेले की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरा ट्रॅप लावून. पण तेंदूला पालवी कधी फुटली, मोह कधी गळू लागला, नाल्यातले झिरे कोणत्या आठवड्यात आटले, हे लोकांपुढे येत नाही. मोह पडतो तेव्हा पहाटे फुले वेचायला बायाही तिथेच असतात आणि अस्वलही. पूर्वी गावातली म्हातारी माणसे हंगाम अचूक सांगत. आता पाऊस आणि ऊन दोन्ही बेभरवशाचे झाल्यावर त्यांचेही अंदाज चुकतात.

वनरक्षक रोज बीट, म्हणजे त्याच्या वाट्याचा जंगलाचा भाग, फिरतोच. त्याच्या नोंदीत या तीन गोष्टी घाला, गावातल्या दोन पोरांना प्रवेश शुल्कातून मानधन देऊन जोडीला लावा. काही पाणवठे मुद्दाम कोरडे ठेवून तिथला झाडोरा भरलेल्या पाणवठ्यांशी ताडून पाहा. आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेच्या तक्त्यात भोवतालच्या रोपांसाठी एक रकाना तेवढा छापा.

– एक वाचक, चंद्रपूर