शेवटचं प्रकरण आधी वाचणाऱ्या आईला, आणि बाबांना

लीड्स, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबांनी फोनवर आईची तक्रार केली, आईने बाबांची. दोन्ही ऐकून घेतल्या. पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं म्हणणं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, तरी आईलाच वाचून दाखवावं लागणार हे माहीत आहे.

बाबांची तक्रार अशी, की आईने अगाथा ख्रिस्तीच्या ‘रॉजर अॅक्रॉइडचा खून’ या कादंबरीचं शेवटचं प्रकरण आधीच वाचून टाकलं आणि आता रोज संध्याकाळी वाचून दाखवताना मधेच गालातल्या गालात हसते. त्यामुळे त्यांना धड कोणावर संशयही घेता येत नाही. आईची तक्रार अशी, की उगीच घसा बसतोय, कारण यात माणसं नाहीतच, नुसते पुतळे. म्हातारा मेला आणि घरात एकाच्याही डोळ्याला पाणी नाही!

आपल्या घरातलं हे जुनंच भांडण आहे. बाबांच्या उशाशी बाबूराव अर्नाळकर, म्हणजे झुंजार नाहीतर काळापहाड. आईच्या टेबलावर जी. ए. आणि नेमाडे. मी दोन्हीकडचं पळवून वाचलं. तुमच्यापैकी कोणीही मला कधी ओरडलं नाही, फक्त दुसऱ्याच्या पुस्तकाला नावं ठेवली.

आईच्या बाजूने एक मोठा साक्षीदार आहे, हे आधीच सांगून टाकते. एडमंड विल्सन नावाच्या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये रहस्यकथांवर एक जळजळीत लेख लिहिला. रॉजर अॅक्रॉइडला कोणी मारलं याची पर्वा आहे कोणाला, हेच त्याचं शीर्षक. बाबा, तुम्ही रागावू नका. हा गृहस्थ डोरोथी सेयर्सच्या कादंबरीतली चर्चच्या घंटांची पानं गाळून पुढे गेला, आणि मला विचाराल तर त्या पुस्तकातली तीच पानं सर्वांत सुंदर आहेत. पानं गाळणाऱ्याने आणि शेवट आधी वाचणाऱ्याने निकाल देऊ नये, असं तुम्ही म्हणालच.

पण आईचा प्रश्न खरा आहे. मेलेल्यासाठी कोणी रडत का नाही? पुस्तक आहे १९२६ चं. पहिल्या महायुद्धात इथल्या घराघरातली मुलं गेली होती. त्या रडण्यानंतर लोकांना असं काहीतरी हवं होतं, की ज्यात मृत्यू आहे पण शोक नाही, आणि शेवटी कोणीतरी येऊन सगळं नीट समजावून सांगतो, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला हे अर्धं पटतं. उरलेलं अर्धं म्हणजे ख्रिस्तीबाईंना मोलकरणी, स्वयंपाकिणी यांच्यात फारसा रसच नव्हता. चहाचा ट्रे आणायचा, कोण कुठे उभं होतं ते पोलिसांना सांगायचं आणि निघून जायचं.

आई, आता पुढचा परिच्छेद मनात वाच. बाबा, तोवर तुम्ही डोळ्यांत थेंब घालून घ्या.

चौथ्या प्रकरणाच्या शेवटाकडे परत जा. अॅक्रॉइडला आलेलं पत्र खोलीत आणलं तेव्हा आठ चाळीस झाले होते, असं गोष्ट सांगणारा डॉक्टर सांगतो. तो निघाला आठ पन्नासला, पत्र अजून न वाचलेलंच. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो घुटमळतो, काही करायचं राहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघतो. यात एक शब्द खोटा नाही. फक्त खुनाची दहा मिनिटं त्याने गाळली आहेत. बाबांना पहिल्या खेपेला हे दिसणार नाही. तुला शेवट माहीत आहे म्हणूनच ते वाक्य वाचताना तुझा आवाज अडखळणार. (अडखळू नकोस, ते लगेच ओळखतील.) आणि पुतळा कसला? हा माणूस अख्खं पुस्तकभर बहिणीशी वाद घालतो, शेजाऱ्यांबरोबर माहजाँग खेळतो, आणि शेवटी त्याला काळजी लागते ती याची, की कॅरोलाइनला हे कधी कळू नये. पुतळ्याला बहिणीची काळजी कशी वाटेल?

झालं. बाबांना बोलाव.

बाबा, ती कॅरोलाइन तुम्हाला आवडली असणारच. घराचा उंबरा न ओलांडता गावभरची बातमी तिच्याकडे असते. गुन्हे उकलणारी म्हातारी मिस मार्पल पुढे सुचली ती बहुधा हिच्यावरूनच, असं ख्रिस्तीबाईंनीच म्हटलं आहे. हे पुस्तक आलं त्याच वर्षी, १९२६ च्या डिसेंबरात, ख्रिस्तीबाई स्वतःच अकरा दिवस बेपत्ता होत्या. सापडल्या हॅरोगेटच्या हॉटेलात, म्हणजे इथून ट्रेनने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. नोंदवहीत नाव दुसरंच होतं, आणि आडनाव घेतलं होतं नवऱ्याच्या प्रेयसीचं. ते हॉटेल अजून आहे. पुढे एवढं जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, पण त्यात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही.

हे संपलं की विल्की कॉलिन्सचं ‘द मूनस्टोन’ घ्या. १८६८ चं आहे, लांबलचक आहे, पण बाबांना पहिल्या काही पानांतच टिपू भेटेल. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडतं, लुटालूट होते, आणि मूळचा सोमनाथचा हिरा एक इंग्रज अधिकारी खून करून उचलतो. पुढे तो हिरा यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या हवेलीतून पुन्हा चोरीला जातो आणि सगळे चोर शोधत बसतात. खरा चोर तर श्रीरंगपट्टणातच ठरला होता, आणि हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे. १८५७ ला जेमतेम अकरा वर्षं झाली असताना इंग्रजाने हे लिहावं, याचं मला नवल वाटतं. यातला म्हातारा बटलर बेटरेज अडचण आली की ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडतो, आपल्याकडे पोथी उघडून कौल घेतात तसा.

आईसाठी यात रोझॅना आहे. पूर्वी चोरीत सापडलेली, एका खांद्याने अधू, घरातली मोलकरीण. ती मालकिणीच्या भाच्यावर जीव लावते. तो वाईट वागत नाही, त्याला ती दिसतच नाही. समुद्रकाठच्या, माणसाला गिळणाऱ्या वाळूत ती स्वतःला संपवते आणि मागे एक मोठं पत्र ठेवते. हे पत्र म्हणजे गुन्ह्याचा पुरावा, आणि तेच तिचं प्रेमपत्र. ते मोठ्याने वाचताना घसा बसला तर माझ्या नावाने बोटं मोड. अॅक्रॉइडच्या अठ्ठावन्न वर्षं आधी एका लेखकाने मोलकरणीला एवढी पानं दिली होती, म्हणून मघाशी ख्रिस्तीबाईंवर बोलले.

मग आईच्या पसंतीचं पुस्तक: काझुओ इशिगुरोचं ‘द रिमेन्स ऑफ द डे’, १९८९ चं, त्याच वर्षी बुकर मिळालेलं. यातही बटलरच गोष्ट सांगतो. खून नाही, चोरी नाही. बाबा म्हणतील, काही घडतच नाही. घडतं, पण ते शोधावं लागतं. १९२३ साल, हवेलीत परदेशी पाहुण्यांची मोठी परिषद, आणि वरच्या खोलीत या बटलरचे, स्टीव्हन्सचे, वडील मरताहेत. तो खाली पाहुण्यांना पोर्ट ओततो आहे. स्वतःबद्दल एक शब्द सांगत नाही. मधेच मालक विचारतात, बरा आहेस ना, रडल्यासारखा दिसतोस. तेव्हा आपल्याला कळतं. तो म्हणतो, दिवसभराच्या कामाचा ताण, दुसरं काही नाही. बाबा, हा पुरावाच आहे की! साक्षीदार लपवतो आहे आणि दुसऱ्याच्या तोंडून निसटतं. अर्नाळकर वाचून वाढले नसते, तर त्या एका वाक्यावरून मी सरळ पुढे गेले असते.

ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि फोन लावला होता. तुमच्याकडे पहाट होती आणि बाबा म्हणाले, अगं, काय झालं एवढ्या अवेळी? मी म्हटलं, काही नाही, सहज.

दोन्ही पुस्तकं मोठ्या टाइपातली मिळाली आहेत. ऑफिसमधली एकजण पुढच्या महिन्यात पुण्याला येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. बरोबर चहाचा डबा आणि बाबांचा मफलरही आहे. तोवर अॅक्रॉइड संपवा. बाबांनी आज रात्रीच आपल्या संशयिताचं नाव कागदावर लिहून पाकिटात घालावं आणि पाकीट आईकडे नाही, वरच्या काकूंकडे द्यावं. आई, हसायचं नाही.

तुमची,
मनू

ता. क. तपासणीची तारीख कळली की लगेच कळवा. ‘सगळं ठीक आहे’ एवढ्यावर भागवू नका, डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते सगळं सांगा.